खिडकी बंद असताना

जनावरांच्या डॉक्टरांनी त्या गृहकर्ज कंपनीचे शेअर पहिल्यांदा घेतले ते वैतागाच्या भरात. लग्नाला वर्ष झालं होतं, दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा होता, आणि कर्ज देण्याआधी कंपनीने त्यांना पार दमवलं. वडिलांच्या नावातला एक काना एका कागदावर होता, दुसऱ्यावर नव्हता. त्या कान्यापायी किती खेटे घातले याचा हिशेबच राहिला नाही. शेवटी कर्ज मंजूर झालं त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "माझ्यासारख्या सरळ माणसाची एवढी उलटतपासणी घेतात, तर लबाड माणूस यांच्या दारातही उभा राहत नसणार. अशी कंपनी बुडत नाही." फर्निचरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी त्या शेअरमध्ये घातले. पुढची दोन वर्षं घरात एकच खुर्ची होती, आणि ती पाहुण्यांसाठी होती.

गंमत म्हणजे पुढे त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, त्याच कंपनीत नोकरी लागली, तीही कागद तपासणाऱ्या त्याच खात्यात. आता काना-मात्रा बघून लोकांना परत पाठवायचं काम बाईंकडे आलं. त्यात त्या इतक्या रमल्या की वीसेक वर्षांत खात्याच्या प्रमुख झाल्या. त्या काळात डॉक्टर दरवर्षी थोडे थोडे शेअर घेत गेले. काही बायकोच्या कंपनीचे, काही दवाखान्याचं खातं होतं त्या मोठ्या बँकेचे. घेतलेला शेअर त्यांनी कधी विकला नाही. भाव अर्ध्यावर आला तेव्हाही नाही, दुप्पट झाला तेव्हाही नाही. त्यांचा ब्रोकर म्हणायचा, "डॉक्टर, तुमच्यासारखी आणखी दहा गिऱ्हाइकं मिळाली तर मी उपाशी मरेन." मुलीच्या शिक्षणाची फी लाभांशातून भरली गेली, याचा डॉक्टरांना फार अभिमान होता.

दर तीन महिन्यांनी, कंपनीचे आकडे जाहीर व्हायच्या आधी, बाई जेवताना सांगायच्या, "अहो, आमची खिडकी बंद झाली. शेअरला हात लावू नका." कंपनीची आतली माहिती ज्यांच्याकडे असते त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी त्या काळात काही विकायचं नाही, घ्यायचं नाही, असा नियम होता. आकडे जाहीर झाले की बाई म्हणायच्या, "उघडली." डॉक्टर दोन्ही वेळा "बरं" म्हणायचे. ज्याला विकायचंच नाही त्याला खिडकी उघडी काय, बंद काय.

त्या वर्षी आकडे जाहीर झाले आणि बाई "उघडली" म्हणाल्याच नाहीत.

डॉक्टरांच्या ते आधी लक्षात आलं नाही. त्याच आठवड्यात पेपरात आतल्या पानावर लहानशी बातमी आली, की मोठी बँक ही गृहकर्ज कंपनी स्वतःत विलीन करून घेणार अशी चर्चा आहे. दोन्हीकडून खुलासा आला की असं काही नाही. खुलासा आल्यावर भाव आणखी चढला.

दवाखान्याच्या शेजारी औषधांचं दुकान होतं. तो औषधवाला सकाळीच आला. डॉक्टर एका म्हाताऱ्या कुत्र्याचे कान साफ करत होते.

"वहिनी काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"आता असं करू नका. मीही घेतलेत थोडे. एवढंच सांगा, धरू की सोडू?"

"ती ऑफिस घरी आणत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि मी विचारत नाही."

"विचारायचं कशाला? तोंडावरून कळत असेल की. तुम्हाला तर मुक्या जनावराचं पोट दुखतंय की पाय, हे नुसतं बघून कळतं." तो हसला आणि गेला.

डॉक्टरांनी कुत्र्याचा दुसरा कान साफ केला. हात नेहमीचं काम करत होता, पण डोकं घरी गेलं होतं. आकडे जाहीर होऊन किती दिवस झाले? मग ही बोलली का नाही?

त्या दिवसापासून ते बायकोकडे बघू लागले. म्हणजे बघत तर ते आधीही होते, पण आता नोंद घेऊ लागले. ते खोलीत शिरले की बाई लॅपटॉपचं झाकण खाली करतात. पूर्वीही करायच्या का? आठवत नव्हतं. फोन टेबलावर पालथा ठेवतात. फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घेतात आणि काचेपलीकडे पाठ करून उभ्या राहतात. घरी यायला उशीर होतो. एकदा एका करड्या गाडीतून उतरल्या. गाडी चालवणारा उंच, टकला माणूस होता, त्याने आतूनच हात हलवला.

"कोण होतं?" डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कामातले आहेत एक. वाटेत होतं म्हणून सोडलं."

कुठल्या कामातले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं की ते बघताहेत, आणि मग ती सावध झाली असती.

दोन दिवसांनी, काही कारण नसताना, त्यांनी ऑफिसच्या जुन्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम आज बाहेर आहेत. गेला आठवडाभर बाहेरच आहेत." संध्याकाळी डॉक्टरांनी भाजी वाढून घेता घेता विचारलं, "आज ऑफिसातच होतीस ना?"

"मग कुठे जाणार?" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली.

इतक्या वर्षांत बाई खोटं बोललेल्या डॉक्टरांना माहीत नव्हत्या. निदान पकडल्या गेलेल्या माहीत नव्हत्या. आता हा "निदान" त्यांच्या मनात घर करून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं, दारावर "आज डॉक्टर नाहीत" अशी पाटी अडकवली आणि बाईंच्या मागे निघाले. बाई ऑफिसच्या बसमध्ये चढल्या नाहीत. चालत दोन चौक गेल्या आणि काचेच्या एका उंच इमारतीत शिरल्या. डॉक्टर समोरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीशी बसले. तिथे सगळी तरुण पोरं होती, प्रत्येकाच्या कानात काही ना काही घातलेलं. डॉक्टरांनी तीन कॉफ्या घेतल्या. पोट जळायला लागलं तरी उठले नाहीत. दुपारी बाई खाली आल्या, बरोबर तो करड्या गाडीवाला होता. दोघं पायरीवर उभे राहून बोलत होते. तो काहीतरी म्हणाला आणि बाई मान मागे टाकून हसल्या.

असं हसताना डॉक्टरांनी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्या इमारतीत कोणकोण आहे हे त्यांनी दारावरच्या फलकावर आधीच वाचून ठेवलं होतं. चौथ्या मजल्यावर वकिलांची एक मोठी फर्म होती, बँकेची कामं करणारी. डॉक्टरांच्या मनात आधी आलं ते हे: म्हणजे विलीनीकरण होणार, बायकोच हसतेय म्हणजे आपल्या बाजूने होणार, शेअर धरून ठेवायचे. आणि मग, कॉफीचे पैसे देताना, मनात आलं की हा माणूस कोण आणि हिला एवढं हसू कशाचं आलं. हे दोन विचार या क्रमाने आले याची त्यांना लाज वाटली. पण ती लाज कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

घरी ते आणखी गोड वागू लागले. चहा करून देऊ लागले. बाई एकदा म्हणाल्या, "काय हो, काही हवंय का?" त्यावर ते म्हणाले, "काही नाही, दमलेली दिसतेस." आणि त्यांना वाटलं, हिला संशय आला.

मग तो गुरुवार आला. बाई नेहमीपेक्षा लवकर घरी आल्या. चपला काढल्या, पर्स सोफ्यावर टाकली आणि थेट न्हाणीघरात गेल्या. आतून नळाचा आवाज आला. डॉक्टर बैठकीत पेपर धरून होते. नळ फार वेळ चालला. ते उठून दाराशी गेले. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, दाबून धरलेला. बाई रडत होत्या.

डॉक्टरांनी दारावर टकटक करायला हात उचलला होता. मग तो खाली घेतला आणि पाय न वाजवता परत येऊन पेपर धरला.

बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या. "झोपते जरा."

"गोळी देऊ?"

"नको."

शुक्रवारी त्या वेळेवर ऑफिसला गेल्या आणि वेळेवर परत आल्या. करडी गाडी आली नाही. गॅलरीतले फोन थांबले. लॅपटॉप पिशवीतच राहिला. शनिवार-रविवार बाई घरात गप्प गप्प होत्या, कपाटं आवरत होत्या. डॉक्टरांनी एकेक लक्षण जुळवून पाहिलं, जसं ते टेबलावरच्या जनावराचं पाहत. धावपळ संपली. वकील येत नाही. बाई रडल्या. म्हणजे बोलणी फिसकटली. भाव तर नुसत्या अफवेवर तीसेक टक्के चढलाय. बातमी फुटली की दाणकन खाली येणार.

सोमवारी दवाखाना उघडल्यावर, एका मांजरीला भूल चढेपर्यंत, त्यांनी ब्रोकरला फोन लावला.

"गृहकर्जवाले सगळे काढून टाक."

"सगळे? डॉक्टर, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच बोलतोय."

"काही कळलंय का?"

"मला काय कळणार? मशीन घ्यायचंय, एक्स-रेचं."

खिडकी बंद असल्याचं त्यांना आठवलं नाही असं नाही. पण त्यांनी मनाशी म्हटलं, आकडे तर जाहीर झालेत, त्यानंतरही ती बंदच आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही. आणि मी काही नफा लुटत नाही, तोटा टाळतोय. मांजरीचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुपारपर्यंत वीस वर्षांचे शेअर विकून झाले होते, आणि डॉक्टरांना अगदी हलकं वाटत होतं.

बुधवारी सकाळी विलीनीकरण जाहीर झालं.

औषधवाला पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच आला. कंपनीच्या भागधारकांना बँकेचे शेअर इतके चांगले मिळणार होते की बाजार उघडताच भाव उसळून वर गेला होता. "आता दवाखाना बंद करा आणि झोपा," तो म्हणाला. "तोंडावरून काही कळू दिलं नाहीत हां. मानलं तुम्हाला." डॉक्टरांनी एक पेढा तोंडात टाकला. मग पुढचा पेशंट आत बोलावला.

संध्याकाळी बाई आल्या त्या बऱ्याच दिवसांनी मोकळ्या चेहऱ्याने. पर्स जागेवर ठेवली, पंखा लावला आणि डॉक्टरांच्या शेजारी बसल्या.

"सुटले एकदाची," त्या म्हणाल्या. "अडीच महिने तोंडाला कुलूप होतं. सही करून घेतली होती आमच्याकडून, नवऱ्यालाही बोलायचं नाही म्हणून. तुम्ही विचारत नव्हतात तेच बरं होतं, नाहीतर मला खोटं बोलावं लागलं असतं. एकदा बोलले पण, ऑफिसात होते म्हणून. वकिलांकडे बसायचो आम्ही कागद तपासत. ते बँकेचे वकील, ज्यांनी मला सोडलं होतं, इतके विनोदी आहेत, तुम्हाला आवडतील."

"हं."

"किती झाले आपले? वीस वर्षं सांभाळलेत, त्याचं चीज झालं."

"बघायला पाहिजे."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही अजून बघितलं नाहीत?"

"पेशंट होते आज."

बाई रोज भावाचा आकडा मोठ्याने वाचणाऱ्या माणसाबरोबर वीसहून जास्त वर्षं राहिल्या होत्या. पुढचे काही दिवस डॉक्टरांच्या लक्षात येत होतं, की आता कुणीतरी त्यांच्याकडे बघतंय. ते फोन उचलायचे तेव्हा बाई हातातलं काम थांबवायच्या. टीव्हीवर बाजाराच्या बातम्या लागल्या आणि डॉक्टरांनी चॅनल बदललं, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या की." ते म्हणाले, "कंटाळा आलाय."

महिन्याभराने बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचं पत्र कंपनीत आलं. जाहीर व्हायच्या आधी आतल्या लोकांच्या घरच्यांनी केलेले व्यवहार त्यांनी चाळले होते. कंपनीने बाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्या दुपारीच त्या दवाखान्यात आल्या. बाकावर एक बाई ससा मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या शेजारी बसून राहिल्या. ससा तपासून झाला, ती बाई गेली, तेव्हा आत आल्या.

"विकलेत?"

"हो."

"का?"

"मशीन घ्यायचं होतं. एक्स-रेचं."

बाईंनी दवाखान्यात चारी बाजूंना पाहिलं. टेबल, वजनकाटा, औषधांचं कपाट, कोपऱ्यातला पिंजरा. "कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

बाई उत्तराची वाट न बघता घरी गेल्या.

चौकशीला दोघांना एकत्रच बोलावलं होतं. सरकारी पद्धतीची खोली होती, लांब टेबल, तीन प्लास्टिकच्या बाटल्या, भिंतीवर मंद चालणारं घड्याळ. अधिकारी बाई त्यांच्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण आवाज शांत आणि धारदार होता.

"वीस वर्षांत तुम्ही एकही शेअर विकला नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी सगळे विकलेत. कारण?"

"मशीन घ्यायचं होतं."

"कुणाकडून घेणार होतात? किंमत विचारली असेल. नाव सांगा, आम्ही त्यांना विचारू."

डॉक्टरांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. शेजारी बाई सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. घरी बसून त्या रोज सकाळी ऑफिसच्याच वेळी उठत, आवरत, आणि मग काय करायचं ते न सुचून कपाट उघडत, हे डॉक्टर बघत होते. मशीनची गोष्ट रेटून धरली तर संशय बाईंवरच राहणार होता. खरं सांगितलं तर तो जाणार होता. पण ते तिच्यासमोर सांगायला लागणार होतं.

"मशीन नाही," ते म्हणाले. "मला वाटलं बोलणी फिसकटली."

"असं का वाटलं? मॅडम काही बोलल्या?"

"नाही. ही काहीच बोलली नाही. मी बघत होतो."

"काय बघत होतात?"

अधिकारी बाईंनी पेन उचललं, आणि मग थांबून बाईंकडे वळल्या. "मॅडम, तुम्हाला बाहेर बसायचं असेल तर बसा."

"नको," बाई म्हणाल्या. "ऐकते मी."

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. पालथा फोन, गॅलरी, ऑफिसात केलेला फोन, दवाखान्यावरची पाटी, कॉफीचं दुकान, पायरीवरचं हसणं. शेवटी न्हाणीघर. "नळ चालू होता," ते म्हणाले. "आत रडत होती. मला वाटलं, बोलणी फिसकटल्याचंच दुःख आहे. म्हणून सोमवारी विकून टाकले."

अधिकारी बाईंनी लिहिणं संपवलं आणि विचारलं, "म्हणजे विलीनीकरण होणार हे तुम्हाला मॅडमनी सांगितलं नव्हतं, असं तुमचं म्हणणं."

"सांगितलं असतं तर विकले असते का?" डॉक्टर म्हणाले. "माझं काय गेलं ते तुमच्या कागदावर आहेच."

अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. बाईंवरचा ठपका पुढे काढला गेला. डॉक्टरांना नियम मोडल्याबद्दल दंड झाला, आणि तो भरताना त्यांनी एक शब्दही काढला नाही.

त्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडल्यावर दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेले. बाकावर बसल्यावर बाई बोलल्या.

"त्या गुरुवारी मला सांगितलं की विलीनीकरण झालं की आमचं खातं बंद होणार. बँकेचे स्वतःचे लोक आहेत. माझ्या हाताखाली तयार झालेली सगळी पोरं. आणि त्यांच्यात बसून मला नेहमीसारखं बोलायचं होतं, चहा प्यायचा होता."

"मला काय माहीत," डॉक्टर पुटपुटले.

"माहीत नव्हतंच. तुम्ही दाराशी आलात, ऐकलंत, आणि परत गेलात. दार वाजवलं नाहीत."

"वाजवलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं सांगितलं," बाई म्हणाल्या. "पण वाजवायला हवं होतंत."

बस आली. बाई पुढच्या सीटवर बसल्या. शेजारी जागा होती, पण डॉक्टर मागे बसले.

बरेच दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. मुलगी सुट्टीत आली तेव्हा दोघं तिच्यामार्फत एकमेकांना मीठ मागत होते. मुलीने एकदा विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?" त्यावर दोघांनी एकदमच "काही नाही" म्हटलं, आणि बाईंना नको असताना हसू आलं. तिथून थोडं थोडं बोलणं सुरू झालं.

बाईंचं खातं बंद झालं. हाताखालच्या काही पोरांना बँकेने घेतलं, काहींनी पैसे घेऊन नोकरी सोडली. बाईंनाही बँकेत जागा मिळाली, पूर्वीपेक्षा खालची, पण त्या गेल्या. तिथे रुजू होताना एक कागद भरायचा होता, घरच्यांकडे बँकेचे शेअर किती आहेत त्याचा. रविवारी सकाळी बाई तो कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. डॉक्टरांकडे बँकेचे जुने शेअर होते, ते त्यांनी विकले नव्हते.

"किती आहेत तुमचे?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला.

बाईंनी पेन टेकवलं नाही. "दाखवा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला, खातं उघडलं आणि फोन त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावला, पडदा वर-खाली करून सगळं वाचलं, आकडा स्वतः बघून कागदावर उतरवला आणि फोन परत दिला.

"आणखी कुठे काही खातं आहे?"

"नाही."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या, खाली सही केली, आणि गॅसवर चहा ठेवायला उठल्या.